ई८५ वर आणलेली गाडी दर तपासणीला का अडकते: आयडल ते ३००० आरपीएमचा हिशेब

लक्षण ओळखीचं आहे. टर्बो गाडी ई८५ वर (सुमारे ८५ टक्के इथेनॉल, बाकी पेट्रोल) आणली, मोठे इंजेक्टर आणि पंप बसवला, डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मनासारखे आकडे आले. रस्त्यावर गाडी झकास पळते, पण रस्तायोग्यता तपासणीला नेली की नापास. मग बिघाडाचे कोड पुसायचे, दोन दिवस फिरवायची, पुन्हा न्यायची. कधी सुटते, कधी नाही. पुढच्या खेपेला ये रे माझ्या मागल्या.

घोडं बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पेंड खातं. ट्यून करताना ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या संगणकाच्या) तक्त्यातल्या पूर्ण थ्रॉटलच्या रकान्यांवर तासन्‌तास घालवलेले असतात. तपासणी मात्र आयडलला आणि २५०० ते ३००० आरपीएमला, बिनलोड होते, आणि तिथे कोणी ढुंकूनही पाहिलेलं नसतं. त्यामुळे दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी लागते.

नापासाचा कागद आधी नीट वाचा. चेक इंजिनचा दिवा, साठलेला कोड किंवा अपूर्ण मॉनिटर (ईसीयूची अजून पार न पडलेली स्वतःची चाचणी) हा एक प्रकार. टेलपाइपमधल्या वायूंचे आकडे हद्दीबाहेर, हा दुसरा. इंधनाचा वास, गळती, गायब कॅट (एक्झॉस्ट शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), मोकळी सोडलेली नळी हा तिसरा. तिन्हींचे इलाज वेगळे आहेत आणि एकाचा इलाज दुसऱ्यावर केला तर नवा घोळ होतो. कोड पुसण्याआधी फ्रीझ फ्रेम उतरवून ठेवा: कोड पडला त्या क्षणी आरपीएम, लोड, कूलंटचं तापमान आणि ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली टक्क्यांतली दुरुस्ती: अधिक म्हणजे वाढवलं, उणे म्हणजे घटवलं) किती होते, हे त्यात असतं. पुसलं की हा पुरावाही गेला. आणि नोंदणीच्या कागदावर इंधनाचा प्रकार बदलून घेणं तुमच्याकडे सक्तीचं असेल, तर ते आधी उरका. कागद जुळत नसेल तर बाकीची मेहनत पाण्यात.

टाकीत नेमकं काय आहे

ई८५ च्या पंपावर दरवेळी ८५ टक्के इथेनॉल मिळतंच असं नाही. थंडीत गाडी सुरू व्हावी म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढवतात आणि मिश्रण ७० टक्क्यांपर्यंत किंवा त्याहूनही खाली येऊ शकतं. ई८५ चं योग्य हवा-इंधन गुणोत्तर सुमारे ९.८, ई७० चं सुमारे १०.६, शुद्ध पेट्रोलचं १४.७. म्हणजे ईसीयूत ९.८ कोरून ठेवलं आणि टाकीत ई७० आलं, तर गाडी सगळ्या रेंजमध्ये ८ टक्के रिच, म्हणजे गरजेपेक्षा जास्त इंधनावर, चालेल. उलट टोक: मूळ पेट्रोल मॅपवर थेट ई८५ ओतलं तर आकारमानाने चाळीस टक्क्यांच्या आसपास जास्त इंधन लागतं. बहुतेक ईसीयूंची दीर्घकालीन ट्रिम साधारण २५ टक्क्यांवर अडते, मग पी०१७१ (मिश्रण लीन, म्हणजे इंधन कमी असल्याचा कोड) पडणं ओघानेच आलं.

मोजायची सोपी रीत: १०० मिलीची अंशांकित काचनळी घ्या, १० च्या खुणेपर्यंत पाणी, त्यावर १०० पर्यंत इंधन. बूच लावून हलवा, झाकण हळूच सैल करून दाब सोडा, दहा मिनिटं उभी ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं आणि खालचा थर वाढतो. थराची रेघ ८२ वर आली, तर ७२ भागिले ९०, म्हणजे ८० टक्के. दोनेक टक्क्यांची चूक गृहीत धरा. हे काम उघड्यावर, ज्योत आणि ठिणगीपासून दूर करायचं, हे वेगळं सांगायला नको.

फ्लेक्स सेन्सर (इंधनातलं इथेनॉल मोजणारा) असेल तर त्याचा आकडा या मापाशी ताडून पहा. प्रचलित तीन तारांच्या सेन्सरचं गणित सरळ आहे: ५० हर्ट्झ म्हणजे शून्य टक्के, १५० हर्ट्झ म्हणजे शंभर. हर्ट्झमधून ५० वजा केले की टक्केवारी. स्पंदाची रुंदी इंधनाचं तापमान सांगते. आकडा १८० च्या वर गेला तर सेन्सर बिघाड किंवा दूषित इंधन असल्याचं कळवतोय. आकडा जागचा हलत नसेल तर आधी सिग्नलच्या तारेवरचा पुल-अप रेझिस्टर तपासा. तो ईसीयूत नसला तर बाहेरून लावावा लागतो, आणि लावायचा राहून जाणं हा अगदी नेहमीचा प्रकार आहे. दुसरी गोष्ट, हा सेन्सर द्रवाचा एक विद्युत गुणधर्म मोजून त्यावरून इथेनॉल ओळखतो. पाण्याचा हा गुण इथेनॉलच्याही कितीतरी वर असतो, म्हणून इंधनात पाणी शिरलं की सेन्सर इथेनॉल जास्त दाखवतो. काचनळी ७२ म्हणतेय आणि सेन्सर ८६, तर बिघाड सेन्सरचा नाही, टाकीचा आहे.

ट्रिम काय सांगतात

इथे वेळ घालवा, कारण अर्ध्याहून जास्त गाड्यांचं उत्तर इथेच सापडतं. इंजिन पूर्ण गरम करा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज तीन ठिकाणी लिहून घ्या: आयडल, २५०० बिनलोड, आणि रस्त्यावर मध्यम लोड.

तिन्हीकडे जवळपास सारखाच आकडा, समजा उणे ८, तर इंधनाचं प्रमाण किंवा इंजेक्टरचा मूळ प्रवाह ईसीयूत चुकीचा भरलाय. आयडलला ठीक आणि लोडवर अधिक १५, तर इंधन पोचत नाहीये. आयडलला अधिक १५ आणि २५०० ला ५ च्या आत, तर दोन संशयित: हवेची गळती किंवा इंजेक्टरचा डेड टाइम.

डेड टाइम म्हणजे वीज मिळाल्यापासून इंजेक्टर प्रत्यक्ष उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ. मोठ्या इंजेक्टरला आयडलवर खरा स्प्रे जेमतेम १ मिलीसेकंद द्यावा लागतो. तक्त्यात डेड टाइम ०.१ मिलीसेकंदाने कमी भरला, तर आयडलला तब्बल १० टक्के इंधन कमी पडतं. पूर्ण लोडवर १२ मिलीसेकंदाच्या स्प्रेत तीच चूक एक टक्काही भरत नाही. डायनोवर ती दिसणार कशी? तपासणीच्या यंत्रावर मात्र लगेच दिसते.

गळती की डेड टाइम, हे ओळखायला गरम इंजिन आयडलवर ठेवा, मल्टिमीटर बॅटरीला लावा आणि ट्रिमवर नजर ठेवून हेडलाइट, ब्लोअर, मागच्या काचेचा हीटर एकेक करून चालू करा. व्होल्टेज १४.२ वरून १३.२ वर आलं आणि ट्रिम त्याच्याबरोबर ५-६ टक्क्यांनी सरकली, तर डेड टाइमचा तक्ता चुकलाय: व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि ईसीयूला त्याची भरपाई ठाऊक नाही. ट्रिम जागची हलली नाही तर इनटेकची स्मोक टेस्ट करा, म्हणजे आत धूर सोडून गळती शोधा. तक्ता दुरुस्त करताना इंजेक्टर बनवणाऱ्याने दिलेले, तुमच्या रेल प्रेशरचे (इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या रेलमधल्या दाबाचे) आकडेच भरा. ३ बारचे आकडे ४ बारवर चालत नाहीत. आणि तसाच दिसणारा दुसऱ्या कंपनीचा इंजेक्टर म्हणजे तोच इंजेक्टर नव्हे.

एअरफ्लो मीटर काढून फक्त मॅप सेन्सरवर (मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या) ट्यून केलेल्या गाड्यांत एक फसगत असते. गळतीची हवाही मॅनिफोल्डच्या दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिम फारशी बिघडत नाही. आयडलचे आरपीएम मात्र चढे राहतात. अशा गाडीत आयडल ११०० ला अडकलं असेल तर ट्रिम स्वच्छ आहेत म्हणून गाफील राहू नका.

लोडवर लीन होत असेल तर रेलवर गेज लावा. रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढून ३ बार मूळ दाब, आणि नळी परत लावून टर्बोने १ बार बूस्ट दिला की रेलवर ४ बार दिसायलाच हवेत. दाब मागे पडत असेल तर पंप बदलण्याआधी चालू पंपाच्या टोकाशी व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टहून जास्त घट असेल तर मूळ बारीक वायरिंग नव्या पंपाचा भार पेलत नाहीये. वेगळा रिले, फ्यूज आणि जाड तार टाका. दुसरा नेहमीचा गुन्हेगार फिल्टर. इथेनॉल जुन्या टाकीतला वर्षांचा थर सोडवून पुढे ढकलतं, त्यामुळे ई८५ वर आणल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या टाकीच्या सुमारास फिल्टर चोंदतो. कागदी फिल्टर काढून १० मायक्रॉनचा स्टीलजाळीचा लावा.

इंजेक्टर पुरेसे आहेत का, याचा ढोबळ हिशेब: ३०० अश्वशक्तीच्या चार सिलिंडर टर्बोला ८५ टक्के ड्यूटीवर (इंजेक्टर ८५ टक्के वेळ उघडा असताना) पेट्रोलसाठी प्रत्येकी साधारण ५४० सीसी प्रति मिनिटचे इंजेक्टर लागतात, ई८५ साठी ७३०. त्याच गाडीत १५०० सीसीचे घालणं म्हणजे आयडलची डोकेदुखी विकत घेणं, विशेषतः टाकीत पेट्रोल भरलं की. ई८५ ला स्प्रे लांब लागतो म्हणून ते निदान निभावतं, पेट्रोलवर तोच इंजेक्टर इतका कमी वेळ उघडतो की प्रत्येक स्प्रे वेगळा पडतो.

वाइडबँडच्या (एक्झॉस्टवरून मिश्रण मोजणाऱ्या सेन्सरच्या) गेजवरूनही पुष्कळ गोंधळ होतो. गेज पेट्रोलच्या मापात असेल तर ई८५ वरही बरोबर मिश्रणाला १४.७ च दाखवतो, कारण सेन्सर लॅम्डा (मिश्रण बरोबर असेल तर १, रिच असेल तर त्याहून कमी) मोजतो, त्याला टाकीतलं इंधन कळत नाही. ९.८ दिसावं म्हणून मिश्रण वाढवत नेलं तर लॅम्डा ०.६७ होईल आणि कॅटची वाट लागेल. गेज सरळ लॅम्डावर लावून टाका.

टेलपाइपचे आकडे

युरोपीय धाटणीच्या तपासणीत कॅट असलेल्या नव्या गाड्यांना आयडलला कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के, चढ्या आयडलला ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३ अशी हद्द असते. इथे एक आवडती सबब ऐकू येते: ‘यंत्र पेट्रोलवर सेट आहे, म्हणून ई८५ ची गाडी नापास होते.’ अंशतः खरं आहे. यंत्र लॅम्डा थेट मोजत नाही, वायूंच्या प्रमाणावरून ब्रेटश्नायडरच्या सूत्राने काढतं आणि त्या सूत्रात इंधनातलं हायड्रोजन-कार्बन (पेट्रोलला सुमारे १.७३) आणि ऑक्सिजन-कार्बन (सुमारे ०.०२) गुणोत्तर असतं. ई८५ साठी तेच अनुक्रमे २.७५ आणि ०.३९ च्या आसपास येतात. पण मिश्रण बरोबर असताना हे आकडे सूत्रात एकमेकांना छेदून जातात. कार्बन डायऑक्साइड १४.५ टक्के आणि ऑक्सिजन ०.५ टक्के धरून करून पहा: पेट्रोलच्या स्थिरांकांनी लॅम्डा १.०२४, ई८५ च्या स्थिरांकांनी १.०२३. एवढ्या फरकाने कोणी नापास होत नाही.

खरा दोष ऑक्सिजनचा असतो. वरच्याच हिशेबात ०.६ टक्के ऑक्सिजन म्हणजे लॅम्डा १.०२९, ०.७ टक्के म्हणजे १.०३४ आणि नापास. ही जास्तीची हवा बहुधा इंजिनातून आलेलीच नसते. टर्बोनंतरचा नवीन डाउनपाइप, व्ही-बँड क्लॅम्प, वाइडबँडसाठी वेल्ड केलेला बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी), स्लिप जॉइंट या जागा आयडलच्या दाब-ओढीत बाहेरची हवा आत खेचतात. थंड इंजिन असताना टेलपाइपमधून ब्लोअरने हलका दाब द्या आणि सांध्यांवर साबणपाणी फवारा. पहिला सांधा कुठे फेसाळतो ते दिसेलच. सेन्सरच्या पुढची, म्हणजे इंजिनाकडची गळती जास्त वाईट: सेन्सरला लीन दिसतं, ईसीयू इंधन वाढवतो आणि ऑक्सिजनबरोबर मोनॉक्साइडही चढतं.

मोनॉक्साइड जास्त आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य, तर गाडी सरळ रिच आहे. ट्रिमकडे परत जा. हायड्रोकार्बन आणि ऑक्सिजन दोन्ही जास्त, मोनॉक्साइड कमी, तर मिसफायर. बूस्टसाठी एकदम दोन श्रेणी थंड (उष्णता लवकर सोडणारे) प्लग घातले असतील तर आयडलला ते काजळतात. एक श्रेणी थंड आणि ०.६ ते ०.७ मिमी गॅप बहुतेक रस्त्यावरच्या गाड्यांना पुरतो. सगळे आकडे थोडे थोडे वर असतील तर कॅट गरम नाही किंवा संपला आहे. २०० सेलचा (विरळ जाळीचा) स्पोर्ट्स कॅट उशिरा तापून कामाला लागतो, त्यात इथेनॉलचा एक्झॉस्ट मुळात थोडा गार. वीस मिनिटं लोडवर चालवून थेट रांगेत लावा, रांग लांब असेल तर यंत्राआधी दोन-तीन मिनिटं २५०० वर धरा. पार्किंगमध्ये अर्धा तास आयडलवर ठेवून ‘गरम’ केलेली गाडी गरम नसते.

ऑइलकडे कोणी पाहत नाही

थंड इंजिनात इथेनॉल नीट वाफ होत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरून खाली उतरतं आणि ऑइलमध्ये साचतं. गाडी रोज पाच-सात किलोमीटरच चालत असेल तर ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसते. मग इंजिन तापलं की तेच इथेनॉल ब्रीदरवाटे इनटेकमध्ये जातं आणि आयडल रिच होतं. खूण: आयडलला ट्रिम उणे १० च्या पुढे, आणि पीसीव्हीची (क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये नेणारी) नळी क्षणभर चिमटली की ती शून्याकडे येते. अशा वेळी मॅप बदलू नका! ऑइल ९० अंशांच्या वर नेऊन अर्धा तास चालवा किंवा सरळ बदला. थंड ऑइल असताना आयडल मॅप ‘दुरुस्त’ केला, तर ऑइल सुकल्यावर गाडी लीन होते आणि चक्र पुन्हा सुरू.

मॉनिटर

कोड पुसले, बॅटरी काढली किंवा ईसीयू पुन्हा फ्लॅश केला की रेडिनेस मॉनिटर कोरे होतात आणि तपासणीत अपूर्ण दिसतात. तपासणीच्या आठवडाभर आधी फ्लॅश बंद. त्याहून महत्त्वाचं: शेवटच्या क्षणी टाकीत वेगळं इंधन भरू नका. ‘तपासणीपुरतं पेट्रोल’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तोच नडतो. मिश्रण बदललं की अनेक फ्लेक्स ईसीयू नवं प्रमाण शिकेपर्यंत कॅट आणि इव्हॅपच्या (टाकीतली इंधनाची वाफ अडवणाऱ्या यंत्रणेच्या) चाचण्या थांबवून ठेवतात. सेन्सर नसलेल्या, ट्रिमवरून अंदाज बांधणाऱ्या गाड्यांत तर शिकायला बरंच अंतर लागतं. आहे त्याच इंधनावर आठवडा काढा.

इव्हॅपची चाचणी अनेक गाड्यांत टाकी साधारण १५ ते ८५ टक्के भरलेली असल्याशिवाय सुरूच होत नाही. अर्धी टाकी ठेवा, गाडी रात्रभर उभी राहू द्या, सकाळी सुरू करून दोन-तीन मिनिटं आयडल, मग दहा-पंधरा मिनिटं ८० ते ९० च्या स्थिर वेगाने, मग ब्रेक न लावता वेग ३० पर्यंत उतरू द्या. दोन-तीन सकाळी हेच करा. स्कॅनरवर मॉनिटरबरोबर प्रलंबित कोड पहा आणि मोड ०६ मधलं (चाचण्यांचे प्रत्यक्ष आकडे दाखवणारं पान) कॅटचं मूल्य त्याच्या हद्दीशी ताडा. हद्दीला टेकलेलं असेल तर पुढच्या खेपेला दिवा लागणार हे धरून चाला. कायम कोड स्कॅनरने पुसले जात नाहीत, चाचणी स्वतः पार पडली की ईसीयूच ते काढतो.

ट्यूनमध्ये मागचा ऑक्सिजन सेन्सर बंद करणं, मॉनिटर कायम ‘पूर्ण’ दाखवणं, तो सेन्सर फसवायला स्पेसर लावणं, हे उद्योग टाळा. बेकायदा तर आहेतच, शिवाय ईसीयूचा कॅलिब्रेशन क्रमांक आणि पडताळणी आकडा वाचणाऱ्या तपासणीत ते पहिल्या मिनिटात उघडे पडतात.

वास, नळ्या, वायरी

स्टीलची विणलेली नळी बाहेरून दणकट दिसते, पण आत साधं रबर असेल तर इथेनॉलची वाफ त्यातून झिरपते. गळती सापडत नाही, डिकीत वास मात्र येत राहतो, आणि तपासणाऱ्याला तेवढं पुरतं. आत पीटीएफई (टेफ्लॉन) अस्तर असलेली नळी घ्या. ओ-रिंग एफकेएमच्या (व्हायटॉनसारख्या रबराच्या). अ‍ॅल्युमिनियमचे भाग अ‍ॅनोडाइझ केलेले हवेत. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि जस्तावर पांढरी भुकटी धरते आणि ती इंजेक्टरच्या जाळीत जाऊन बसते. नळ्या क्लॅम्पने पक्क्या बांधा, एक्झॉस्टजवळून जाणाऱ्यांना उष्णतारोधक आवरण द्या. टाकीच्या आत पंपाच्या वायरींना घरगुती टेप चालत नाही. इथेनॉल मिश्रित इंधन वीज वाहून नेतं, उघडा सांधा हळूहळू खात जातं.

सर्ज टँकची (पंपाला अखंड इंधन मिळावं म्हणून लावलेल्या छोट्या टाकीची) व्हेंट नळी हवेत मोकळी सोडलेली असेल तर ती मुख्य टाकीत परत न्या. चारकोल कॅनिस्टर (टाकीतली वाफ शोषणारा डबा) काढून टाकला असेल तर तो परत बसवा. पी०४५५ आणि पी०४४२ (इव्हॅपच्या मोठ्या आणि छोट्या गळतीचे कोड) मागे लागलेले असतील तर स्मोक मशीन इव्हॅपच्या पोर्टवर लावा, पण त्याआधी इंधनाच्या टोपीची रबरी रिंग बोटाने फिरवून पहा. जुनी रिंग इथेनॉलने फुगून खाचेतून बाहेर येते, आणि छोट्या गळतीच्या कोडसाठी अर्ध्या ते एक मिलिमीटरचं छिद्र पुरतं.